भरवसा आणि तजवीज : मराठी ख्रिस्ती आत्मकथनांतील 'उद्या'

'विश्वास', 'श्रद्धा', 'निष्ठा' आणि 'भरवसा' हे शब्द मराठीत सरसकट एकमेकांच्या जागी वापरले जातात. त्यांची प्रकृती मात्र एक नाही. विश्वास एखाद्या वचनावर बसतो, श्रद्धा पूज्य वाटणाऱ्या ठिकाणी वाहिली जाते, निष्ठेला आचरणाची अट असते. भरवशाला काळाची दिशा आहे. तो नेहमी उद्यावर टाकलेला असतो. म्हणून हा शब्द देव्हाऱ्यापेक्षा बाजारात, बांधावर आणि गोठ्यात अधिक वावरतो. दुकानदार भरवशावर उधारी देतो, कुणबी मृगाच्या भरवशावर पेरणी करतो आणि भरवशाच्या म्हशीला टोणगा होतो. ह्या म्हणीतला उपहास ध्यानात घेण्याजोगा आहे. भरवसा टाकणारा माणूस मराठी लोकमानसाला एकाच वेळी भाबडा आणि थोर वाटत आला आहे, आणि ह्या दोन प्रतिमांतील ताण संतचरित्रांपासून आजपर्यंत सुटलेला नाही. मराठी ख्रिस्ती लेखनाने आपले भविष्य देवाच्या हाती सोपविण्याच्या अनुभवासाठी हा शब्द पत्करला, तेव्हा हा ताणही त्याच्याबरोबर पत्करला गेला. त्या लेखनातील 'उद्या' कोणाच्या खर्चाने उभा राहतो, हा प्रश्न म्हणूनच वाङ्मयाच्या अभ्यासकापुढे येतो. धर्मशास्त्राच्या अभ्यासकाला तो सहसा पडत नाही.

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा इतिहास बहुधा मुंबई, पुणे, अहमदनगर आणि वसई ह्या चौकटीत सांगितला जातो. त्याला सबळ कारणे आहेत. अमेरिकन मराठी मिशनचे कार्य, १८४२ मध्ये अहमदनगरला सुरू झालेला 'ज्ञानोदय', बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' (१८५७), छापखाने, शाळा, वाचकवर्ग हे सारे ब्रिटिश मुलखातले. निजामाच्या मराठी मुलखातून जालन्याजवळ नारायण शेषाद्री यांनी वसविलेल्या बेथेल गावाचा उल्लेख होतो, आणि विवेचन पुन्हा पश्चिमेकडे वळते. नांदेड आणि लातूर ही नावे त्यात क्वचितच येतात. ह्या दोन नावांनी आज ओळखला जाणारा प्रदेश १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. नांदेड जिल्हा औरंगाबाद सुभ्यात मोडत असे. आजच्या लातूर जिल्ह्याचा मुलूख उस्मानाबाद आणि बिदर ह्या जिल्ह्यांत विभागलेला, म्हणजे गुलबर्गा सुभ्यात होता. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत बिदरकडे राहिले, आणि लातूर स्वतंत्र जिल्हा झाला तो १९८२ साली. राज्यकारभाराची भाषा उर्दू, १९१८ मध्ये निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दू. अशा मुलखात ख्रिस्ती माणसाची श्रद्धा छापील आत्मकथनात फारशी उतरली नाही. ती प्रामुख्याने भजनात, सभेतल्या साक्षीत आणि घरच्या सांजप्रार्थनेत राहिली. तेव्हा संहिता केडगाव आणि नगरकडच्या घ्यायच्या आणि त्यांना नांदेड-लातूरच्या जमिनीवर तपासून पाहायचे, हा मार्ग उरतो. वरवर ही उसनवारी वाटेल. पण एखाद्या आशयाची खरी परीक्षा तो जिथे जन्मला तिथे होत नाही. त्याला न ओळखणाऱ्या प्रदेशात होते.

पंडिता रमाबाईंच्या (१८५८–१९२२) लेखनात देवावर टाकलेला भरवसा एकदा नव्हे, दोनदा येतो, आणि त्यांच्या अभ्यासात ह्या दुहेरीपणाकडे पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही. पहिला भरवसा त्यांच्या वडिलांचा, अनंतशास्त्री डोंगरे यांचा. तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत, श्रोत्यांनी पुढे ठेवलेल्या शिध्यावर आणि दक्षिणेवर हे कुटुंब देशभर हिंडले. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात ही व्यवस्था कोसळली. उरलेसुरले द्रव्य देवकार्यात आणि दानधर्मात गेले. अंगमेहनतीचे काम करण्याची सवय नाही आणि भीक मागण्याची लाज, अशा कोंडीत वडील, आई आणि थोरली बहीण एकामागून एक गेली. रमाबाईंनी हा वृत्तान्त पुढे ख्रिस्ती साक्षीच्या चौकटीत लिहिला. त्यामुळे तो खोट्या देवांवरच्या खोट्या भरवशाचा पुरावा म्हणून मांडला गेला. संहिता काळजीपूर्वक वाचली तर वेगळीच गोष्ट जाणवते. वडिलांचा भरवसा आणि मुलीचा पुढचा भरवसा यांची रचना सारखीच आहे: उद्याची चिंता देवावर सोपवायची आणि आज त्याचे नाम घ्यायचे. मग मधला फरक कोणता? देवाचे नाव बदलले, हे रमाबाईंचे स्वतःचे उत्तर. त्यांच्या निवेदनाचा तपशील त्याहून अधिक सांगतो, आणि तो तपशील कामाचा आहे.

इ. स. १८८७ मध्ये बोस्टन येथे स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने विधवांच्या शाळेचा खर्च दहा वर्षे उचलण्याची हमी घेतली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले, पुढच्या वर्षी ते पुण्याला गेले. १८९३ मध्ये धर्मांतराच्या संशयावरून पुण्यातल्या सल्लागारांनी अंग काढून घेतले आणि अनेक पालकांनी मुली परत नेल्या. हमी दहा वर्षांचीच होती, ही गोष्ट ह्या सगळ्या काळात रमाबाईंच्या डोळ्यांसमोर राहिली. म्हणून त्यांनी केडगावला जमीन घेतली आणि फळझाडे लावविली: हमी संपेल त्या सुमारास झाडांना फळ धरेल, असा हिशेब. ह्याच वर्षांत त्यांच्या वाचनात ब्रिस्टलच्या अनाथालयाचे जॉर्ज म्युलर, चायना इनलँड मिशन आणि जॉन पेटन यांच्याविषयीची पुस्तके आली. माणसांपुढे हात न पसरता केवळ प्रार्थनेवर मोठी संस्था चालविण्याचा म्युलर यांचा प्रयोग त्यांच्या मनात घर करून राहिला, आणि असे काही हिंदुस्थानात घडू शकेल काय असा प्रश्न त्यांना पडला. झाडे लावणारी बाई आणि हा प्रश्न विचारणारी बाई एकच आहे. ह्या दोन कृतींत विसंगती पाहणाऱ्यांनी त्यांच्या बालपणीचा दुष्काळ विसरलेला असतो. वडिलांच्या भरवशात तजविजीला स्थान नव्हते. मुलीने भरवसा आणि तजवीज एकाच वाफ्यात लावली.

फळ धरण्याआधीच दुष्काळ आला. १८९६-९७ मध्ये रमाबाईंनी मध्य प्रांतातून सुमारे तीनशे मुली आणि बाया आणल्या. पुण्यात प्लेगचे दिवस असल्याने त्यांचा निवारा केडगावच्या मळ्यातच करावा लागला. पुढचा, १८९९-१९०० चा, दुष्काळ अधिक भयानक ठरला आणि मुक्ती सदनातली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. तिथे शेती, विणकाम, तेलाचा घाणा, छपाई अशी कामे मुली शिकल्या. आत्मकथनाचा हा भाग वाचताना लक्षात येते की ज्या घरात एकेकाळी अंगमेहनत कमीपणाची मानली गेली आणि त्यापायी माणसे उपाशी मेली, त्या घरातल्या शेवटच्या वारसदार बाईने हातांना काम न देता कोणालाच भाकर दिली नाही.

रमाबाईंच्या इंग्रजी साक्षकथनात (१९०७) हा सारा अनुभव एका ठरलेल्या आकृतिबंधात बसतो. साक्ष हा ख्रिस्ती मंडळींतला जुना, मौखिक प्रकार. त्याचे तीन टप्पे असतात: गरज, प्रार्थना, पुरवठा. पैसे संपले, गुडघे टेकले, टपाल आले. ह्या आकृतिबंधात एक अडचण आहे आणि ती रमाबाईंच्या लेखनालाही चुकलेली नाही. साक्ष नेहमी उद्याच्या पलीकडून सांगितली जाते. ज्या दिवशी टपाल आले नाही, त्या दिवसाची साक्ष द्यायला कोणी उभे राहत नाही. दुसरी अडचण वाचकवर्गाची. मनुष्यापाशी काही मागितले नाही, हे विधान छापून दूरदेशीच्या सहानुभूतिदारांच्या हाती पडते, तेव्हा न मागण्याची ती जाहीर नोंद मागणीचेच काम करते. हा आक्षेप म्युलर यांच्या वार्षिक वृत्तान्तांवरही घेता येतो. त्यात अप्रामाणिकपणा नाही. ह्या वाङ्मयप्रकारातच ती दुविधा आहे. दोन हजार तोंडांपुढे ती क्षुल्लक ठरते, हेही मान्य केले पाहिजे. समीक्षकाला रोज दोन हजार भाकरी मोजाव्या लागत नाहीत.

साक्षीच्या चौकटीत न बसणारा प्रसंग रमाबाईंच्या आयुष्यात अखेरीस आलाच. एकुलती मुलगी मनोरमा ही त्यांची उत्तराधिकारी मानली जात होती. १९१२ च्या सुमारास गुलबर्ग्याला, म्हणजे निजामाच्या मुलखात, जी शाळा काढली गेली तिची जबाबदारीही मनोरमाबाईंकडे होती. आजच्या लातूरचा मुलूख ज्या सुभ्यात होता त्याचेच हे मुख्य ठिकाण; केडगावचा भरवसा मराठवाड्याच्या कुंपणापर्यंत आला होता तो असा. जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाई वारल्या. त्यानंतर नऊ महिन्यांच्या आत, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाईही गेल्या. ह्या महिन्यांत त्या बायबलच्या आपल्या मराठी भाषांतरावर अखेरचा हात फिरवीत होत्या. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा त्यासाठी त्या शिकल्या होत्या. हे भाषांतर अल्पशिक्षित बायांना समजेल अशा सोप्या मराठीत केलेले आणि मुक्तीतल्या मुलींनीच छापलेले. ते संपूर्ण बायबल प्रसिद्ध झाले १९२४ मध्ये. मुलीच्या मृत्यूनंतरच्या रमाबाईंची साक्ष कोणती, असे विचारले तर ह्या भाषांतराकडे बोट दाखवावे लागते. तिथे गरज, प्रार्थना, पुरवठा हा क्रम नाही. आपण पाहणार नाही अशा वाचक बाईसाठी केलेले काम तेवढे आहे.

लक्ष्मीबाई टिळकांच्या (१८६८–१९३६) 'स्मृतिचित्रे'त (चार भाग, १९३४–३६) साक्षीचा आकृतिबंध पार मोडलेला दिसतो. हे पुस्तक ख्रिस्ती बाईने लिहिलेले आहे, तिच्या श्रद्धेविषयी संशय घ्यायला जागा नाही. तरीही प्रसंगाचा शेवट कृतार्थ पुरवठ्यात होईल याची खात्री त्यात कोठेच नाही. शेवट कधी हसण्यात होतो, कधी नव्या अडचणीत. याचे कारण केवळ लेखिकेच्या विनोदी वृत्तीत शोधणे अपुरे आहे. ह्या घरात भरवसा टाकणारा एक आणि उद्याचे पाहणारी दुसरी, अशी कामाची वाटणी झालेली आहे, आणि निवेदन त्या दुसरीच्या हाती आहे.

नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) न सांगता घर सोडून जात, हाती आलेला पैसा त्यांच्या हाती टिकत नसे, वाटेत भेटलेला गरजू घरचा होऊन जाई. हा स्वभाव ख्रिस्ती होण्यापूर्वीचा. बाप्तिस्म्याने त्याला अधिष्ठान मिळाले इतकेच. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. ह्या घटनेचे वर्णन बहुतेक चरित्रपर लेखनात सत्यशोधकाच्या मुक्कामासारखे केले जाते. 'स्मृतिचित्रे'तून ती कडेने, एका जनानी घराच्या आतून दिसते. बातमीसारखी येऊन आदळते. टिळकांनी आपले भविष्य देवाच्या हाती दिले तेव्हा त्यात लक्ष्मीबाईंचे भविष्यही होते, आणि ते देण्यापूर्वी त्यांना कोणी विचारलेले नव्हते. मग काही वर्षांचा वियोग, नातेवाइकांच्या आधाराने काढलेले दिवस, पुन्हा एकत्र येणे, आणि १९०० मध्ये त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा. नवऱ्याच्या मागून त्या ख्रिस्ती झाल्या असे म्हणण्याची पद्धत आहे. क्रमाने ते खरे. परंतु सोवळ्या-ओवळ्याची एकेक गाठ त्यांनी स्वतःच्या विचाराने आणि स्वतःच्या वेगाने सोडविलेली आहे. त्यांच्या श्रद्धेत टिळकांच्या श्रद्धेचा पडसाद शोधत बसणाऱ्यांना हे दिसत नाही.

पुढच्या संसारात अनाथ मुले येतात, पाहुणे येतात, तरुण कवी बालकवी ठोमरे घरच्यासारखे राहून जातात. देव देईल, असे टिळकांचे सूत्र. तो देईपर्यंत काय शिजवायचे, हा लक्ष्मीबाईंचा प्रश्न. लक्ष्मीबाई तक्रार करीत नाहीत, आणि तक्रार नसल्यामुळेच ह्या लेखनातला टीकेचा सूर अधिक मर्मभेदी होतो. टिळकांच्या औदार्यावर त्यांचे प्रेम आहे, त्या औदार्याची किंमत त्यांना पै-पैशापर्यंत ठाऊक आहे, आणि ह्या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात मावू शकतात हे त्यांना साधलेले आहे. मराठी गद्यात हे त्यापूर्वी इतक्या सहजपणे कोणाला साधले होते असे वाटत नाही.

ख्रिस्ताकडे आपण तुकारामाच्या पुलावरून आलो, अशी टिळकांची धारणा प्रसिद्ध आहे. तिचा विचार बहुधा भक्तीच्या अंगाने केला जातो; संसाराच्या अंगाने केला तर काही वेगळे हाती लागते. तुकोबांच्या चरित्रपरंपरेतही दुष्काळ आहे, दिवाळे आहे, इंद्रायणीत बुडविलेली कर्जखते आहेत, आणि घरात काय शिजवायचे हे विचारणारी आवली आहे. महीपतींच्या कथनात आणि पुढे कीर्तनकारांच्या तोंडी आवली कजाग ठरली, कारण कथा सांगणारे सारे भरवसा टाकणाऱ्याच्या बाजूचे होते. 'स्मृतिचित्रे' वाचताना आवलीनेच तुकोबांचे चरित्र लिहावे असे काहीसे घडले आहे. तिने ते प्रेमाने लिहिले आणि कजागही ठरली नाही, ही मराठी आत्मचरित्राच्या इतिहासातली मोठी घटना होय. टिळकांना आपला पूर्वज तुकारामांत सापडला. लक्ष्मीबाईंना पूर्वज शोधायचाच तर तो गंगाखेडच्या जनाबाईत सापडेल. जनाबाईचा देव दळण-कांडण सोडून ये असे सांगत नाही. तो येऊन जात्याशी बसतो. अशा देवावर भरवसा टाकायला आजचे काम टाकावे लागत नाही.

१९१७ मध्ये टिळकांनी अमेरिकन मिशनचे काम आणि त्याबरोबरचे वेतन सोडून ख्रिस्ती संन्यास पत्करला आणि 'देवाचा दरबार' ही बंधुसंस्था काढली. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त तीत एकत्र यावेत अशी कल्पना होती. साताऱ्याच्या ह्या पर्वाची थोरवी वादातीत आहे. परंतु संन्यास घेणाऱ्याला पत्नी आणि घर असेल तर तो संन्यास अर्धाच असतो, दुसरा अर्धा घरातल्या माणसाने न घेता पाळायचा असतो. ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत वारले. त्यानंतर लक्ष्मीबाईंनी मुंबईत मुलींच्या वसतिगृहाची देखरेख केली, काही काळ कराचीला काढला, आणि टिळकांनी अपुरे सोडलेले 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य लिहीत नेले. त्यातला फार मोठा भाग त्यांचा आहे. टिळकांच्या भरवशाचे उरलेले देणे त्यांनी असे फेडले.

ह्या दोन्ही आत्मकथनांच्या मागे एक गृहीत आहे आणि ते नांदेड-लातूरच्या जमिनीवर आल्याशिवाय नीट दिसत नाही. रमाबाई काय किंवा टिळक दांपत्य काय, ही माणसे ज्या जातीत जन्मली तिला एक भविष्य वारशाने मिळत होते: पुराण, पौरोहित्य, शाळा, कचेरी, भाऊबंद. ख्रिस्ती होताना त्यांनी ते सोडले, आणि त्या सोडण्यातच त्यांच्या भरवशाचे नाट्य आहे. भविष्य देवाला देण्यासाठी आधी ते आपल्या हाती असावे लागते. हैदराबाद संस्थानात बिदर केंद्र करून पसरलेल्या मेथडिस्ट मिशनच्या मंडळ्या मुख्यतः अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतून उभ्या राहिल्या. त्यांच्याजवळ सोडण्याजोगे काय होते?

मराठवाड्याच्या शेतीत सालगड्याची पद्धत जुनी आहे. पाडव्याला साल ठरते. लग्नासाठी, आजारपणासाठी, जुने देणे फेडण्यासाठी मालकाकडून उचल घेतली जाते आणि पुढच्या पाडव्यापर्यंत माणूस त्या उचलीत राबतो. पुष्कळदा साल संपते आणि उचल उरते. 'उचल' ह्या शब्दाचा अर्थ अभ्यासकांनी नीट पाहावा: गड्याने उद्या आधीच उचलून खाल्लेला असतो. त्याचा उद्या मालकाच्या वहीत लिहिलेला आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांतही हाच शब्द आणि हीच व्यवस्था पुढे गेली. अशा माणसाने सांजप्रार्थनेत उद्या देवाच्या हाती आहे असे म्हणणे आणि टिळकांनी तेच म्हणणे ह्या दोन भिन्न उक्ती आहेत. टिळक आपला उद्या देवाला देत होते. सालगडी आपला उद्या मालकाच्या वहीतून काढून देवाच्या नावावर मांडीत होता. पहिल्या उक्तीत त्याग आहे. दुसरीत एक मूक फेरफार आहे, सात-बारावर होतो तसा, आणि तो कोणत्याही तलाठ्याला दिसणारा नाही.

प्रभूच्या प्रार्थनेच्या मराठी भाषांतरात आलेला 'भाकर' हा शब्दही इथे वेगळा ऐकू येतो. भाषांतरकारांनी अन्न म्हटले नाही, पोळी म्हटले नाही. रब्बीच्या ज्वारीवर जगणाऱ्या ह्या मुलखात भाकर म्हणजे एका दिवसाचे जेवण आणि एका दिवसाची मजुरी, दोन्ही. ती प्रार्थना आजच्यापुरतीच मागते, उद्यासाठी साठा मागत नाही. रानात इस्राएल लोकांना मिळालेला मान्नाही साठवून ठेवला की नासत असे, असे निर्गमाच्या पुस्तकात सांगितले आहे. धान्याचे कोठार असलेल्या वाचकाला ही शिकवण संयमाची वाटते. रोजंदारीवरच्या बाईला ती आपल्या जगण्याचे वर्णन वाटते. तिला साठवू नको असे सांगावे लागत नाही.

स्वातंत्र्यानंतर 'भविष्य' हा शब्द शासनाच्या कागदावर आला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठरविला; त्यात १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा समावेश झाला, ख्रिस्ती मात्र बाहेर राहिले. शिष्यवृत्ती, वसतिगृह, नोकरी यांचा रस्ता जातीच्या दाखल्यावरून जातो, आणि बाप्तिस्म्याची नोंद त्या रस्त्यावर आडवी येते. मंडळीत एक नाव आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरी ओळख, ही दलित ख्रिस्ती जीवनाची देशभर आढळणारी कोंडी आहे. तिला दुटप्पीपणा म्हणणाऱ्यांनी केडगावची फळझाडे आठवावीत. तिथे भरवशाच्या शेजारी तजवीज लावलेली होती आणि कोणी तिला ढोंग म्हटले नाही. दाखल्याची तजवीज तेवढी ढोंग कशी ठरते? उलट ज्या कुटुंबांनी दाखल्यावरही ख्रिस्ती लिहविले, त्यांनी जे सोडले ते मोजता येण्याजोगे होते: एक जागा, एक शिष्यवृत्ती, मुलाची एक पिढी. टिळकांच्या संन्यासासारखाच हाही त्याग, फक्त त्याला चरित्रकार मिळालेला नाही; आणि इथेही त्याची किंमत बापाच्या श्रद्धेपायी मुलाने मोजली असेल, तर लक्ष्मीबाईंचा प्रश्न जसाच्या तसा उभा राहतो. त्या मुलाला कोणी विचारले होते?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी आणि भोवतालची गावे जमीनदोस्त झाली, हजारो माणसे झोपेत गेली. उद्या देवाच्या हाती आहे, हे वाक्य त्या पहाटेनंतर लातूरच्या परिसरात कोणत्याही धर्माच्या माणसाला पूर्वीसारखे उच्चारता आले नसेल. साक्षीचा आकृतिबंध इथे हतबल होतो. वाचलेला माणूस वाचल्याची साक्ष देऊ शकतो, पण ती देताना शेजारच्या ढिगाऱ्याकडे पाठ करावी लागते. मनोरमेच्या मृत्यूनंतर रमाबाईंनी साक्ष लिहिण्याऐवजी भाषांतराची मुद्रिते तपासली, ह्यातला विवेक किल्लारीनंतर अधिक कळतो. आज लातूर-नांदेडच्या रस्त्यांवर शिकवणी वर्गांच्या फलकांतून 'उज्ज्वल भवितव्य' विकले जाते. 'लातूर पॅटर्न'ने भविष्याला टक्केवारी दिली, आणि २०१६ च्या उन्हाळ्यात त्याच लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले.

मंडळ्यांच्या नोंदवह्यांत बाप्तिस्मे, विवाह आणि दफने एवढेच उतरते. बायांच्या प्रार्थनासभेत जे मागितले जाते ते उतरत नाही: मुलीचे बाळंतपण, हरभऱ्याला पाणी, नवऱ्याची सुटणारी दारू, फिटणारी उचल. पाडवा आणि ईस्टर बहुधा काही दिवसांच्या किंवा आठवड्यांच्या अंतराने येतात. एका दिवशी मालकाच्या ओसरीवर पुढच्या सालाचा आकडा ठरतो. दुसऱ्या दिवशी पहाटे, उजाडण्याआधी, तीच माणसे टाळ-मृदंग घेऊन बसतात, आणि उजाडल्यावर कामाला जातात.